परबकाका आणि समुद्राचा खाडा

कॉम्प्युटरचं एन्टर बटण दाबण्याआधी परबकाका दोन्ही हात वर करायचे, एकदा उजवीकडे बघायचे, एकदा डावीकडे, आणि खणखणीत आवाजात ओरडायचे, "हात बाजूला!" खोलीत कुणी असो वा नसो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोलिसांची धाड पडल्यासारखे माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. शेजारच्या मुलीने टंकलेखनाचा सगळा धडा पुसून टाकला. परबकाकांनी शांतपणे बटण दाबलं, पडद्यावर काय झालं ते चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, "आता खाली घेतले तरी चालतील."

ते पूर्वी गिरणीत विणकर होते. साचा, म्हणजे माग, चालू करण्याआधी कुणाचा हात आत राहिला नाही ना, हे ओरडून विचारायची तिथली पद्धत. गिरणी सुटली तरी ओरडणं सुटलं नव्हतं. मी एकदा विचारलंच, "काका, ह्यात कुणाचा हात सापडणार?" तर म्हणाले, "माझाच सापडंल गो. एन्टर मारल्यावर कपाळ बडवण्यापेक्षा आधी बोंबललेलं बरं." मी तेव्हा हसले. पुढे ऑफिसात एका बटणासरशी अख्ख्या दिवसाचं काम उडवलं, तेव्हापासून मीही मनातल्या मनात ओरडते.

मी शिकायला जायचे त्या दादरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये परबकाका शिपाई होते. सकाळी क्लास उघडणं, फरशी पुसणं, सरांचा चहा आणणं ही त्यांची कामं. ही झाली कागदावरची गोष्ट. गिरण्यांचा संप फसल्यावर त्यांनी वॉचमनगिरी केली, छत्र्या दुरुस्त केल्या, कुणाकुणाची सामानं वाहिली आणि मग ह्या क्लासात चिकटले. एकदा सर वर्गात जुन्या काळच्या कॉम्प्युटरची भोकाभोकांची कार्डं चित्रात दाखवत होते. चहाचा ट्रे घेऊन आलेले परबकाका दारातच थांबले आणि म्हणाले, "सर, ही तर आमच्या खात्यातली कार्डं. नक्षीच्या साच्यावर हीच लावायचो. भोक असंल तर तार वर, नसंल तर खाली." सरांना चहाचा विसर पडला. त्या दिवसापासून संध्याकाळी वर्ग सुटला की कोपऱ्यातला सर्वांत म्हातारा कॉम्प्युटर परबकाकांचा झाला. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की सरांना काही अडलं तर सर चहा घेऊन त्यांच्याकडे जात.

मूर्ती लहान, मिशा मोठ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खिशात कायम सुताचा गुंडा. विचार करायला लागले की डाव्या हाताच्या दोन बोटांत दोन धागे धरून एका हाताने गाठ मारायचे. अवघड प्रश्न असला की टेबलावर गाठींचा ढीग. काका किती वेळ अडलेत हे आम्ही त्या ढिगावरून ओळखायचो. राहायला डिलाईल रोडला, मूळचे कणकवलीकडचे. बोलणं मुंबईचं, पण आनंद झाला किंवा राग आला की मालवणी.

आता माझं सांगते. मी वरळीच्या कोळीवाड्यातली. आई दादरच्या बाजारात मासळी विकायला बसते, वडील आणि भाऊ होडीवर. मी शिकले, लोअर परळच्या एका ऑफिसात डेटा एन्ट्रीला लागले आणि घरात "कंप्युटरवाली" झाले. हे नाव आईने ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला कधीच आला नाही. तिच्या मते मी दिवसभर पंख्याखाली बसून बटणं दाबते आणि संध्याकाळी दमले म्हणते.

तर एका नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मला इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सापडला. बंदर निवडलं की वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापून देणारा, आणि फुकट. मी मुंबई निवडली, त्या दिवसापासून पुढच्या वर्षभराचा तक्ता छापला आणि आमच्या मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावला. एक प्रत घरातही चिकटवली. काय माझा रुबाब! दोन दिवस मी फलकासमोरून उगाचच चार वेळा गेले. आईने तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दर्या काय तुज्या हापिसात कामाला हाय, येल बगून यायला?" एवढंच म्हणाली. तिला तिथीवरून पाणी कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब ती बोटांवर करते. पण नव्या सुना नोकऱ्यांना जाणाऱ्या, त्यांना तिथी कुठल्या ठाऊक असायला? त्यांना माझा कागद आवडला.

कार्तिकात घात झाला. माझी वहिनी आणि आणखी दोघीजणी कागदावरची ओहोटीची वेळ बघून खडकांवर कालवं फोडायला गेल्या. कागद म्हणत होता पाणी आत्ता सर्वांत खाली. प्रत्यक्षात पाणी केव्हाच फिरून चढू लागलं होतं. मागचा रस्ता बुडाला. आई किनाऱ्यावरून शिव्या देत कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि तिघींना दंडाला धरून घेऊन आली. वहिनीची टोपली गेली, कोयता गेला, गुडघे सोलवटले. जिवावर बेतलं नाही हे नशीब. संध्याकाळी सोसायटीने फलकावरचा तक्ता काढला. आई मला म्हणाली, "तुजा कंप्युटर येरा हाय. त्याला शानं कर, नायतर त्यो कागुद परत या कोलीवाड्यात लावायचा नाय." मी रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले. वहिनीने माझंही ताट वाढून ठेवलं, त्याने तर मला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी कागदाची गुंडाळी घेऊन क्लासात परबकाकांसमोर उभी राहिले. म्हटलं, "ज्या कंपनीने हा प्रोग्रॅम केलाय तिच्याकडे तक्रार कशी करायची?"

"कंपनी?" परबकाकांचे डोळे चमकले. "अगो, ह्या कंपनीचा नाय. ह्या आपला आसा."

मग त्यांनी मला समजावलं. हा प्रोग्रॅम जगभरातली माणसं आपापल्या घरून, हौसेने लिहीत होती. त्याचा आतला मजकूर सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. इतरांनी ती तपासावी. आत घ्यायची की परत धाडायची हे ठरवणारे एक गृहस्थ होते, स्कॉटलंडमधले निवृत्त शिक्षक. परबकाका त्यांना राखणदार म्हणायचे. गावाकडे वेशीवर राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय कुणी काही करत नाही, तसे हे. आणि आमच्या क्लासातल्या कितीतरी पोरापोरींना परबकाकांनी अशी पहिली दुरुस्ती पाठवायला शिकवलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

"म्हणजे चूक तुम्ही दुरुस्त करणार?" मी आशेने विचारलं.

"मी कित्याक? बुडाली कोणाची टोपली?" असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मार्गशीर्षाच्या अमावास्येला मोठी ओहोटी होती. तेव्हा लांबचे खडक उघडे पडतात आणि अख्खा कोळीवाडा कालवांना जातो. त्याच्या आत बरोबर तक्ता फलकावर लागला नाही तर मी जन्मभर येड्या कंप्युटरवाली राहणार होते.

परबकाकांची शिकवण्याची रीत अशी की ते कीबोर्डला बोट लावत नसत. हात मागे बांधून उभे. "बदली कामगार पहिल्या दिवशी काय करतो? साच्याला हात लावत नाही. आधी फिरून बघतो, कुठला साचा कसा वाजतो." म्हणून मी चार संध्याकाळी नुसतं वाचलं. मला मधेच काही ओळी गबाळ्या दिसल्या, त्या मी नीट लावायला घेतल्या, तर मागून आवाज, "केर काढायला आलीस का? तुझी तार कुठची तुटलीय तेवढीच बघ." मी म्हटलं, काका, मला भीती वाटते, काही मोडलं तर? त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "तार तुटली तर साचा थांबतो, विणकर मरत नाही." हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. क्लासात परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही हेच, आणि सरांचं लग्न मोडलं तेव्हा सरांनाही हेच.

पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईची पाऊणपट! तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ तयार. इतका साधा नियम असताना ह्या लोकांनी एवढी आकडेमोड कशाला केली? मी त्यांचं सगळं गणित उडवलं आणि तिथे आईचा नियम बसवला. मुंबईचा तक्ता काढला. अगदी आई सांगते तसा! परबकाकांनी तो पंचांगाशी ताडून पाहिला आणि टाळी दिली. "चेडवा, तुझ्या आवशीक स्कॉटलंडाक धाडूक व्हया!"

आता दुरुस्तीसोबत पत्र हवं. मी ऑफिसातल्या सवयीने दोन पानी इंग्रजी मजकूर लिहिला. मी अज्ञानी आहे, मला क्षमा करावी, आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल पुन्हा क्षमा करावी, वगैरे. परबकाकांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि पान बाजूला ठेवलं.

"गाऱ्हाणं ऐकलंयस कधी?"

गाऱ्हाणं म्हणजे कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्याने घातलेलं साकडं. परबकाका खुर्चीवरून उठले, पायातल्या चपला काढल्या, कॉम्प्युटरसमोर हात जोडले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक, कोळीवाड्यातली, आज तुझ्या दारात इली हा. तुझ्या तक्त्यान तिच्या वयनीची टोपली बुडयली, म्हाराजा! तिना आपल्या अकलेन दुरुस्ती केली हा. ती गोड मानून घे. आणि खंय चूक आसात तर ती दाखव, म्हाराजा!" तोपर्यंत वर्गातली सगळी मुलं जमली होती. प्रत्येक वाक्याला ती एका सुरात ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" सर आतून धावत आले. त्यांना वाटलं कुणाच्या अंगात आलं.

"बघ," परबकाका चपला घालत म्हणाले, "कोण तू, दुखतंय कुठे, मागणं काय. तीन गोष्टी. देवाला पण दोन पानं वाचायला वेळ नसतो. आणि मागणं एकच. एका नारळावर दोन मागणी घालायची नाहीत." मी चार ओळी लिहिल्या. परबकाकांनी हात वर केले, वर्गाने हात वर केले, सगळे मिळून ओरडले, "हात बाजूला!" आणि माझी पहिली दुरुस्ती गेली. परबकाकांनी गावाहून आणलेलं खाजं सगळ्यांना वाटलं. आलं-गुळाचा तो चिकट प्रसाद कीबोर्डवर सांडला आणि दोन बटणं आठवडाभर बसून होती.

उत्तर दोन दिवसांनी आलं. राखणदारांनी फार प्रेमाने लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की मुंबईचा तक्ता झकास झालाय, अभिनंदन. परंतु ह्या दुरुस्तीनंतर जगातल्या प्रत्येक बंदरात मुंबईच्याच वेळेला भरती येते आहे. त्याखाली जर्मनीतल्या कुणा बाईंची दोन वाक्यं होती. त्या म्हणाल्या, मी आत्ताच खिडकीतून पाहिलं, तक्त्याप्रमाणे आमचं बंदर तुडुंब आहे. प्रत्यक्षात होड्या चिखलात बसल्या आहेत.

मी ते वाचलं आणि तोंडावर ओढणी घेतली. आईचा नियम आमच्या किनाऱ्याचा. दुसरीकडचं पाणी दुसऱ्या वेळेला चढतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कोळीवाडा म्हणजेच जग, असं धरून मी साऱ्या दुनियेच्या समुद्रांना वरळीच्या रांगेत उभं केलं होतं. मागून विचित्र आवाज येऊ लागला. वळून पाहिलं तर परबकाका भिंतीला टेकून हसत होते. हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी. "जर्मनीच्या होडये... चिखलात..." एवढंच त्यांना बोलता येत होतं. मीही हसायला लागले. दोघं इतके हसलो की सरांनी दार लावून घेतलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चूक माझी पण आहे. माझ्या साच्यावर कापड बरोबर उतरलं म्हणून मी बाकीचे साचे बघितलेच नाहीत. आता उत्तर लिही. रडायचं नाही, भांडायचं नाही. तार तुटली ती दिसली, जोडतो, एवढंच." मी तसंच लिहिलं. जर्मनीच्या बाईंनी उलट लिहिलं की त्यांनी स्वतःच्या पहिल्या दुरुस्तीत फेब्रुवारी महिनाच गायब केला होता. त्या दिवसापासून त्या बाईंबद्दल मला बहिणीसारखं वाटतं.

पण तक्ता चुकतो कशामुळे, हे कोडं तसंच होतं. अमावास्येला नऊ दिवस उरले. परबकाकांच्या टेबलावर गाठींचा डोंगर झाला. मी घरी तोंड पाडून बसले होते. आई बोंबील साफ करत होती. मी जुना तक्ता पुढ्यात घेऊन स्वतःशीच पुटपुटले, रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, सरळ चार खाने, यात चुकायला आहे काय?

"रोज चार कुनी सांगितल्या तुना?" आई मान वर न करता म्हणाली. "पानी रोज पाऊन तास मागं सरतं. आठ दिसांतना एकदा खाडा करतं. त्या दिशी तीनच."

मी तक्त्यावर बोट ठेवून मोजू लागले. रात्री पावणेबाराला असलेली ओहोटी दुसऱ्या दिवशी पुढे सरकून मध्यरात्रीच्या पलीकडे, तिसऱ्या तारखेत जाते. म्हणजे मधल्या तारखेला एक ओहोटी कमीच! "मना इचारलंस कदी?" आई म्हणाली आणि बोंबलाचं डोकं उडवलं.

संध्याकाळी हे परबकाकांना सांगताच ते टुणकन उभे राहिले. "खाडा! म्हणजे मस्टर चुकलंय!" त्यांनी प्रोग्रॅमच्या ओळींवर बोट ठेवलं. सगळं लख्ख दिसत होतं. प्रोग्रॅमने प्रत्येक दिवसाला चार खाने ठेवले होते. ज्या दिवशी तीनच वेळा असत त्या दिवशी चौथा खाना भरायला तो दुसऱ्या दिवसाची पहिली वेळ उचलून आणत होता. दर आठवड्याला एक उसनवारी. महिन्याभरात मंगळवारचं पाणी सोमवारच्या ओळीत, तीन महिन्यांत शुक्रवारचं पाणी मंगळवारच्या ओळीत. पहिल्या महिन्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, कार्तिकात वहिनी बुडता बुडता राहिली. "कामगार आला नाही तर मस्टरवर खाडा मांडायचा," परबकाका नाचत होते, "उद्याच्या माणसाची हजेरी आज लावायची नाही! कुठल्या जॉबरनं, कुठल्या मुकादमानं शिकवलं ह्याला?"

आठ ओळींची दुरुस्ती. वेळ ज्या तारखेची त्याच तारखेत टाकायची. नसेल तर खाना रिकामा सोडायचा. ह्या वेळी आम्ही मुंबई बघितली, जर्मनीच्या बाईंचं बंदर बघितलं, कोचीन, सिंगापूर, सापडेल ते बघितलं. चार ओळींचं गाऱ्हाणं लिहून झालं. शेवटी दुरुस्ती करणाऱ्याचं नाव टाकायचं होतं. एकदा जगभर हसं झालेलं, पुन्हा माझं नाव कशाला, म्हणून मी हळूच 'परब' असं टंकलं.

त्या दिवशी परबकाकांना रागावलेलं मी प्रथम पाहिलं, आणि शेवटचं. त्यांनी पुढे वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या कीबोर्डला हात लावला आणि ते नाव एकेक अक्षराने पुसलं. म्हणाले, "मी नऊ वर्षं बदली होतो. रोज गेटवर उभा. दुसऱ्याचा साचा, दुसऱ्याचं नाव, कापड माझ्या हातचं. जॉबर म्हणाला, पुढच्या महिन्यात तुझं नाव कायमच्या मस्टरवर चढवतो. त्याच महिन्यात संप झाला. ता नाव आजून चढताच हा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काम तुझा. नाव तुझा. घाल."

मी माझं पूर्ण नाव घातलं. आईचं नावही पत्रात घातलं, खाडा तिने सांगितला म्हणून. चौथ्या दिवशी राखणदारांचं उत्तर आलं. ही चूक कित्येक वर्षं तिथे दबा धरून बसली होती आणि मोठमोठ्यांच्या नजरेतून सुटली होती, दुरुस्ती आत घेतली आहे, आपल्या आईंना आमचा नमस्कार सांगा. प्रोग्रॅममध्ये हातभार लावणाऱ्यांची यादी असते, तिच्या तळाशी माझं नाव आलं. परबकाकांनी ते पान छापून घेतलं आणि क्लासच्या भिंतीवर, सरांच्या प्रमाणपत्राच्या बरोब्बर वर लावलं. मी ती यादी वाचत गेले. आमच्या क्लासातली कितीतरी नावं होती. परबकाकांचं कुठेच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "माझी चूक अजून कुणी काढली नाय ना, म्हणून," आणि मिशीत हसले. पुढे ते गावी गेले आणि तिथेच वारले. त्याला आता चार वर्षं होतील. मी अजून नव्या माणसांच्या दुरुस्त्या तपासते, आणि माझं मन भरून येतं ते दर वेळी ह्या उत्तराने. त्यांचं नाव मी त्यांना न विचारताच घालायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

पण मला ते आठवतात ते अमावास्येच्या त्या संध्याकाळचे. नवा तक्ता सकाळीच फलकावर लागला होता. ओहोटी सहाला दहा कमी. साडेपाचच्या आधीच बायका टोपल्या-कोयते घेऊन किनाऱ्यावर जमल्या, पण पाण्यात पाय टाकायला कुणी तयार नाही. वहिनीसुद्धा माझ्याकडे बघायचं टाळत होती. आई कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभी. कागदाकडे तिने ह्याही वेळी ढुंकून पाहिलं नव्हतं. परबकाका मुद्दाम आले होते. मालवणी म्हणजे दर्यावर्दी असं आपण धरून चालतो, पण त्यांचं गाव घाटाच्या पायथ्याशी, पोहता शून्य येत होतं. त्यांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, तक्ता डोक्यावर उंच धरला आणि पाण्यात चालू लागले.

"काका, अहो!" मी किंचाळले.

"तू लिवलंस ना?" ते मागे न बघता म्हणाले. "मग?"

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. एक लाट गुडघ्यावर फुटली. ते डगमगले, पण चालत राहिले. आणि माझ्या आईचा मासळीबाजारात कमावलेला आवाज सगळ्या किनाऱ्यावर घुमला, "अरं ए परब! हुबा रा तितंच! अजून धा मिन्टं हायत! धा कमी सा लिवलंय तितं, आता कुटं वीस कमी वाजल्यान!"

सगळ्या बायका एकदम आईकडे वळल्या. वहिनीने तोंडावर पदर घेतला. "आय, तुमी तर कागद बघितलाच नव्हता."

"बघितला कुटं?" आई म्हणाली. "शेजारच्या पोरीकडना वाचून घेतला. तीन येला."

किनाऱ्यावर हसण्याची लाटच उसळली. परबकाका हुकुमाप्रमाणे पाण्यात जागच्या जागी उभे होते, तक्ता डोक्यावर, ना पुढे ना मागे. दहा मिनिटं आम्ही सगळ्याजणी त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. पाणी पोटऱ्यांवरून घोट्यावर आलं, घोट्यावरून बोटांवर, आणि मग त्यांच्या पावलांखाली नुसता ओला खडक राहिला. त्यांच्या पलीकडे दूरवर, काळे काळे, सगळे खडक वर आले होते. आईने टोपली उचलली, लुगडं खोचलं आणि माझ्या हातात कोयता दिला.

"चल," ती म्हणाली. "कागुद बरोबर हाय तुजा. पन कालवं काय त्यो फोडून देनार नाय."